पायाला दूध लागतंय

२१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. गिरगावातल्या आमच्या चाळीत दुपारी कुणाच्या तरी दिल्लीच्या नातेवाइकाचा फोन आला आणि अर्ध्या तासात सगळ्या मजल्यांवरच्या बायका वाट्या-चमचे घेऊन खाली उतरल्या. गणपती दूध पितोय. मोबाइल तेव्हा देशात जेमतेम आला होता, आमच्यापैकी कुणी तो पाहिलाही नव्हता. बातमी पसरली ती एसटीडी बूथवरून आणि जिन्यांवरून. मी अकरा वर्षांची होते. शाळेतून आल्या आल्या, दप्तर उतरवायच्या आत, आजीनं मला रांगेत उभं केलं.

देऊळ लहानसं, मूर्ती संगमरवरी. माझी पाळी आली तेव्हा मी काठोकाठ भरलेला चमचा सोंडेला टेकवला आणि दूध गेलं. डोळ्यांदेखत कमी होत गेलं. अंगावर काटा आला, तो मला आजही आठवतो, आणि तो खोटा होता असं मी म्हणणार नाही. मग आजीनं तिचा चमचा धरला, तोही रिकामा झाला. मागे वळताना तिचा पाय सटकला. माझा खांदा धरून ती सावरली आणि खाली बघत म्हणाली, “अगं, पायाला दूध लागतंय.” फरशीवरून दूध वाहत होतं, उंबऱ्याखालून गटाराकडे चाललं होतं. रांगेतल्या प्रत्येकाचे पाय त्यात भिजलेले होते आणि सगळ्यांच्या नजरा सोंडेवर होत्या.

आजीनं नळावर पाय धुतले. त्या दिवसानंतर तिनं शेवटपर्यंत रोज देवापुढे दिवा लावला, संकष्टी सोडली नाही, पण ‘गणपती दूध प्यायला’ असं मात्र तिच्या तोंडून मी पुन्हा कधी ऐकलं नाही.

घडलं होतं ते असं. काठोकाठ भरलेल्या चमच्यातलं दूध काठाच्या किंचित वर फुगलेलं असतं, कारण द्रवाच्या पृष्ठभागावर एक ताण असतो आणि तो त्याला धरून ठेवतो. त्या फुगवट्याला ओला दगड लागला की दूध दगडाला चिकटतं, पातळ थर होऊन खाली ओघळायला लागतं आणि चमच्यातलं उरलेलं दूध त्याच्यामागून ओढलं जातं. धरणाऱ्याचा हातही नकळत थोडा कलतो. पांढऱ्या संगमरवरावरचा पांढरा ओघळ डोळ्यांना दिसत नाही. केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून पाहिलं, तेव्हा रंगीत ओघळ मूर्तीवरून खाली उतरताना स्पष्ट दिसला. घरात पाटा-वरवंटा असेल तर वरवंटाही असाच दूध पितो.

चमत्कार खरोखर घडतात का, हा प्रश्न मी तेव्हापासून बाळगून आहे. निसर्गाचा नियम बाजूला सारून देवानं, पिरानं किंवा संतानं घडवून आणलेली घटना असा चमत्काराचा अर्थ घेतला, तर माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. अशी एकही घटना तपासात टिकलेली मला माहीत नाही. पण नुसतं ‘नाही’ म्हणण्यासाठी हा लेख लिहायची गरज नव्हती. या शहरात गेल्या तीस वर्षांत जे गाजलेले चमत्कार झाले ते जवळून पाहताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली. चमत्कार म्हटलं की माणसाची चूकही पुसली जाते आणि माणसाचे कष्टही पुसले जातात. मला त्रास होतो तो याचा.

माहीमचंच बघा. १८ ऑगस्ट २००६ च्या संध्याकाळी बातमी पसरली की माहीमच्या खाडीतलं पाणी गोड झालंय. हजारो लोक किनाऱ्यावर धावले. बाटल्या भरून घेतल्या, लहान मुलांना ओंजळीनं पाजलं, आजारी माणसांसाठी घरी नेलं. जवळच मखदूम शाह बाबांचा दर्गा आहे, त्यांची कृपा झाली असं पुष्कळांना वाटलं, आणि त्या गर्दीत सगळ्या धर्मांची माणसं होती. पालिका आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ पाणी पिऊ नका म्हणून सांगत होते. दोनच दिवसांत पुन्हा कुठे कुठे मूर्ती दूध प्यायला लागल्याच्या बातम्याही आल्या.

आता ‘गोड’ हा शब्द घ्या. आपल्या किनारपट्टीवर ‘गोडं पाणी’ म्हणजे साखरेसारखं पाणी असं कुणी समजत नाही. खारं नाही ते गोडं. विहीर गोड्या पाण्याची असते, मासे गोड्या पाण्यातले असतात. पावसाळ्यात नदीला लोंढा आला की खाडीचं पाणी गोडं होतं, हे मासेमारी करणाऱ्या घरात पोरालाही ठाऊक असतं, कारण त्यावर कुठली मासळी आत येणार आणि कुठली जाणार हे ठरतं. नदीचं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा हलकं, ते वर तरंगतं. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. ओहोटीच्या वेळी, ऐन ऑगस्टात, मिठीचा लोंढा खाडीच्या तोंडाशी पसरला की वरच्या थरातला खारटपणा जिभेला जाणवेनासा होतो. सगळं स्पष्टीकरण आपल्या भाषेतल्या एका जुन्या शब्दात होतं. त्या संध्याकाळी तो शब्द आपण विसरलो आणि गोड म्हणजे मधुर असं ऐकलं.

आणि ती नदी कुठली? मिठी. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघते, जेमतेम अठरा किलोमीटर वाहते आणि वाटेत साकीनाका, कुर्ला, धारावी इथलं सांडपाणी, तेल, रसायनं, कचरा पोटात घेऊन माहीमला समुद्रात जाते. साधारण वर्षभरापूर्वी, २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा हीच नदी तुंबून घराघरांत शिरली होती. त्या वर्षभरात आपण सगळे मिठीबद्दल बोलत होतो. तिचं पात्र कुणी अरुंद केलं, भराव कुणी टाकले, तिच्यात कोण काय सोडतं, हे प्रश्न ऐन रंगात होते. आणि तेच पाणी लोकांनी तीर्थ म्हणून मुलांच्या तोंडाला लावलं. मला त्या आयांचा राग येत नाही. पाण्यासाठी पहाटे तीनला उठणाऱ्या वस्त्यांत गोड्या पाण्याचा चमत्कार व्हावा असं कुणाला वाटणार नाही? पण त्या संध्याकाळी खाडीतल्या घाणीचा जाब विचारायला किनाऱ्यावर कुणी आलं नव्हतं, आणि इतकी माणसं त्या खाडीकाठी एकत्र जमल्याचं मी तरी त्याआधी आणि त्यानंतर पाहिलं नाही.

विलेपार्ल्याजवळ इर्ल्याला मार्च २०१२ मध्ये जे झालं ते याहून लहान आणि याहून गंभीर. तिथल्या वेलंकणी मातेच्या चर्चबाहेरच्या क्रुसावरच्या येशूच्या पायांतून पाणी ठिबकायला लागलं. लोक ते भांड्यांत गोळा करून घरी नेऊ लागले. सनल एडामरुकू नावाचे बुद्धिवादी कार्यकर्ते तिथे गेले, मागची भिंत पाहिली, जमीन पाहिली आणि जवळच्या तुंबलेल्या सांडपाण्याच्या नाल्यापर्यंत पोचले. भिंतीच्या आणि लाकडाच्या बारीक छिद्रांतून पाणी वर चढत होतं. दिव्याची वात तेल वर ओढते, तसंच. त्यांनी हे वाहिनीवर सांगितलं. मग त्यांच्यावर धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी झाल्या. भारतीय दंडसंहितेचं कलम २९५अ, इंग्रजांच्या काळात १९२७ साली घातलेलं. अटकेची टांगती तलवार आली तेव्हा ते फिनलंडला गेले.

नाला तुंबलाय असं सांगितल्याबद्दल माणसाला देश सोडावा लागला, हे मला अजूनही नीट पचत नाही. त्यांच्या बोलण्यात धारदारपणा असेल, चर्चवर त्यांनी केलेली बाकीची टीका कुणाला लागली असेल. पण मूळ मुद्दा सांडपाण्याचा होता. भाविक जे पाणी पवित्र म्हणून पीत होते ते कुठून येतंय हे शोधणं यात भाविकांचाच फायदा होता.

आणि ही फक्त ख्रिश्चनांची किंवा फक्त इर्ल्याची गोष्ट समजू नये. डॉ. नरेंद्र दाभोलकर बुवाबाजीविरुद्धच्या कायद्यासाठी वर्षानुवर्षं झटत होते. तो कायदा धर्म बुडवायला निघालाय असं सांगत त्यांना विरोध झाला. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात सकाळी फिरायला गेलेले असताना त्यांचा गोळ्या घालून खून झाला. आठवड्याच्या आत सरकारनं अध्यादेश काढला, डिसेंबरात विधिमंडळानं कायदा मंजूर केला. ज्यांनी त्या कायद्याला धर्मबुडवा म्हटलं त्यांनी तो वाचावा असं मला कळकळीनं वाटतं. त्यात तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणं, त्यांचा प्रचार करून लोकांना फसवणं आणि धाक घालणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आणि त्याच कायद्यात वारी, प्रदक्षिणा, कीर्तन, भजन यांना स्पष्ट सूट आहे. दिवंगत संतांच्या चमत्कारांच्या कथा सांगायला, छापायलाही सूट आहे. म्हणजे ज्ञानोबांनी भिंत चालवली हे कीर्तनात सांगायला कुणाची हरकत नाही. आज भिंत चालवून दाखवतो म्हणत दक्षिणा घेणाऱ्याला हरकत आहे. मला ही रेघ बरोबर जागी ओढलेली वाटते.

संतांच्या चमत्कारांचं मग काय, असं मला घरातलेच लोक विचारतात. माझं म्हणणं असं की पैठणच्या रेड्यानं वेद म्हटले हे घडलं असं मी मानत नाही. पण ती कथा ज्यांनी रचली आणि सातशे वर्षं सांगितली त्यांना वेदांवरच्या मक्तेदारीबद्दल काहीतरी म्हणायचं होतं, ते मला ऐकू येतं. इंद्रायणीत बुडवलेल्या तुकोबांच्या वह्या तेरा दिवसांनी कोरड्या वर आल्या, ही कथा मात्र मला अस्वस्थ करते. कारण अभंग टिकले ते लिहून ठेवणाऱ्यांमुळे, म्हणणाऱ्यांमुळे. संताजी जगनाड्यांनी उतरवून ठेवलेले अभंग आपल्याकडे आहेत. तेलाचा घाणा चालवणाऱ्या माणसानं लिहायला बसावं, दिवसाचं काम उरकून पानं भरावीत, हे नदीनं वह्या परत करण्यापेक्षा मला जास्त थोर वाटतं, आणि चमत्काराच्या कथेत नेमकी तीच मेहनत दिसत नाही. स्वतः तुकोबांनी तर सांगून टाकलंय की जडीबुटी आणि उठाउठी चमत्कार आपल्याला दाखवता येत नाहीत. नवसानं मुलं होत असती तर नवरा कशाला करावा लागला असता, हा प्रश्नही त्यांचाच.

नवसाबद्दल जरा सविस्तर बोललं पाहिजे, कारण मुंबईत चमत्कारावरचा विश्वास टिकून आहे तो दूध पिणाऱ्या मूर्तींमुळे नाही, नवसामुळे. प्रभादेवीला सिद्धिविनायक, वांद्र्याला मोत माउली म्हणजे माउंट मेरीचं चर्च, माहीमच्या चर्चमधली बुधवारची नोवेना प्रार्थना, हाजी अली. माणसं एका ठिकाणचा नवस दुसऱ्या धर्माच्या ठिकाणीही बोलतात, आणि या शहराचं हे मोठेपण मला मनापासून आवडतं. पण ‘पावतो’ याचा पुरावा आपण कसा गोळा करतो ते बघा. नवस फेडायला येतो तो ज्याचं काम झालं तो. पेढे वाटतो तो, पाळणा वाहतो तो, शेजारणीला सांगतो तो. ज्याचं झालं नाही तो घरी गप्प बसतो, किंवा आपलीच भक्ती कमी पडली म्हणतो. त्याची रांग कुठेच लागत नाही, म्हणून ती मोजली जात नाही. वर्षभर प्रयत्न करूनही दिवस न गेलेल्या जोडप्यांपैकी साधारण निम्म्यांना दुसऱ्या वर्षात काही उपचार न करताही दिवस जातात. त्या वर्षात त्यांनी जिथे नवस बोललेला असतो तो देव पावलेला असतो.

मोत माउलीच्या जत्रेत सप्टेंबरमध्ये मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाची बाळं, घरं विकायला असतात. ज्या अवयवाचं दुखणं त्याची प्रतिकृती वाहायची. मी ती दुकानं पाहते तेव्हा मला रेल्वेच्या रुळांवर हातपाय गमावलेली माणसं आठवतात. या शहरात ती कमी नाहीत. त्यांच्यातल्या कुणाचा तुटलेला पाय कुठल्याही देवस्थानी परत उगवल्याचं कुणी सांगितलेलं नाही. जे दुखणं कधी कधी आपोआप बरं होतं, त्याच दुखण्यांत चमत्कार घडतात. फ्रान्समधल्या लूर्द इथे १८५८ पासून कोट्यवधी माणसं गेली, तिथे चर्चनं डॉक्टरांकडून दावे तपासून घेतले आणि मान्य केलेले चमत्कार सत्तरच्या आसपास आहेत. श्रद्धावानांनीच इतकी कडक चाळण लावल्यावर इतकेच उरतात. हाताचं म्हणाल तर दोन्ही हातांचं प्रत्यारोपण मुंबईत झालेलं आहे. त्यामागे एका शोकातल्या कुटुंबानं दिलेला होकार असतो आणि तासन्‌तास उभे राहिलेले शल्यचिकित्सक असतात.

लालबागच्या राजाला ‘नवसाला पावणारा’ म्हणतात. त्याची मूळ हकिकत मंडळ स्वतः अभिमानानं सांगतं, आणि ती ऐकण्यासारखी आहे. पेरू चाळीतला बाजार १९३२ साली बंद झाला, कोळणी आणि छोटे विक्रेते उघड्यावर आले. त्यांनी कायमच्या बाजारासाठी नवस केला. जागा मिळाली आणि १९३४ ला गणपती बसला. पण जागा कशी मिळाली? स्थानिक नगरसेवकांनी आणि वस्तीतल्या मोठ्या माणसांनी पाठपुरावा केला, जमीनमालकानं जागा द्यायचं कबूल केलं. उन्हापावसात टोपल्या घेऊन बसून राहिलेल्या बायका हटल्या नाहीत. दर वर्षी नवसाच्या रांगेत रात्र रात्र उभं राहणाऱ्या माणसांना ही गोष्ट कुणी एवढ्या तपशिलानं सांगतं का? सांगितली तर बाजार मिळवायला काय काय करावं लागतं हे त्यांना कळेल, आणि मग कदाचित रांगेतलं बोलणंही बदलेल.

‘विज्ञानाला तरी सगळं कुठे कळलंय?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. कळलेलं नाहीच. काही कर्करोग उपचारांविना मागे हटल्याच्या विरळा नोंदी वैद्यकात आहेत, आणि त्या का हटल्या हे पूर्ण उलगडलेलं नाही. पण ‘ठाऊक नाही’ हे एक प्रामाणिक उत्तर आहे. त्या रिकाम्या जागी लगेच देवाचं नाव लिहिलं की शोध थांबतो. आणि शोध थांबला असता तर मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर आज जे उपचार आहेत ते नसते. एके काळी तो बहुतेक मुलांना नेणारा आजार होता. आता योग्य उपचार मिळाले तर बहुतेक मुलं जगतात.

‘गरिबाचा आधार कशाला काढून घेता?’ हा दुसरा प्रश्न मला जास्त लागतो, कारण तो माझ्या आजीबद्दल असतो. आजीला आधार होता, आणि तो दूध वाहून गेल्यावरही राहिला. देवापुढे बसलं की तिचं मन शांत व्हायचं, त्यासाठी मूर्तीनं काही करून दाखवायची तिला गरज नव्हती. ज्यांची श्रद्धा चमत्काराच्या पुराव्यावर उभी आहे त्यांचंच खरं तर प्रत्येक ओघळानं नुकसान होतं. आणि आधाराच्या नावाखाली जो बुवा कर्करोगाच्या रुग्णाला सांगतो की केमो थांबव, अंगारा लाव, तो आधार देत नसतो. रोग बरा होऊ शकणारे महिने तो खातो. गाठ लहान असताना आलेला आणि सहा महिने कुठे तरी घालवून आलेला, या दोघांच्या भवितव्यात किती फरक पडतो हे परळला कुठल्याही डॉक्टरला विचारा.

परळचं टाटा रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झालं. देशभरातून तिथे येणाऱ्या रुग्णांपैकी अनेक जण दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत राहतात. हातात खराटा घेऊन गाव झाडणाऱ्या आणि कीर्तनात नवस-सायासावर, कोंबड्या-बकऱ्यांच्या बळीवर लोकांना थेट प्रश्न विचारणाऱ्या बाबांच्या नावानं ही जागा उभी आहे, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला डबा द्यायला मी तिथे जात असे. सकाळी फायली पिशवीत घालून माणसं रुग्णालयाकडे निघतात. कुणाच्या गळ्यात तुळशीची माळ, कुणाच्या दंडाला ताईत, कुणाच्या हातात जपमाळ.

तिथे मराठवाड्यातून आलेली एक बाई भेटली. तिच्या सात वर्षांच्या मुलाचे उपचार संपत आले होते आणि तो जिन्यावर धावत होता. “चमत्कारच झाला ताई,” ती म्हणाली. मी काही बोलले नाही. मग तिनं आपणहून सगळं सांगितलं. किती महिने, किती सलाइनं, रात्री ताप चढला की कोणती नर्स धावत यायची, गावाकडच्या मास्तरांनी गोळा करून पाठवलेले पैसे, धर्मशाळेत खोली मिळेपर्यंत फुटपाथवर काढलेल्या रात्री. एकदा पोराच्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट फार खाली गेल्या होत्या, तेव्हा ठाण्याचा की कल्याणचा कुणी मुलगा येऊन तीन वेळा प्लेटलेट देऊन गेला होता. त्याला एकदा भेटायचं होतं तिला. गावाहून येताना त्याच्यासाठी तिनं धपाटे बांधून आणले होते. रक्तपेढीत जाऊन तिनं त्याचं नाव विचारलं, तर तिथल्या माणसानं सांगितलं की देणाऱ्याचं नाव आम्ही सांगत नसतो.